परतीच्या पत्त्यांची यादी

प्रोग्रॅम मध्येच कोसळला की पडद्यावर फंक्शनांची उतरंड उमटते. तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. ती घडल्या गोष्टींची नोंद आहे असं बहुतेकांना वाटतं, पण तिचं कूळ वेगळं आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९४५ साली एसीई संगणकाचा आराखडा लिहिला, तेव्हा उपकार्य (आजच्या भाषेत फंक्शन) संपल्यावर कुठे परतायचं हा पत्ता जपून ठेवण्याची सोय त्यांनी त्यात केली होती. पुढे म्युनिकमध्ये संशोधक बाउअर आणि सामेलझोन यांनी १९५७ मध्ये स्टॅकच्या, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी काढायच्या रचनेच्या, पेटंटसाठी अर्ज केला. आल्गोल ६० या भाषेत फंक्शन स्वतःलाच बोलावू लागलं, तेव्हा अशा स्टॅकवाचून गत्यंतर उरलं नाही.

म्हणजे ट्रेस ही परतायच्या बाकी राहिलेल्या जागांची यादी आहे. काम दुसऱ्यावर सोपवून मोकळं झालेलं फंक्शन तिच्यात दिसत नाही. कंपाइल होणाऱ्या भाषेत तर कंपायलर एक फंक्शन दुसऱ्यात विरघळवून टाकतो, आणि हाती उरतात ते नुसते आकडे. त्यांना नाव आणि ओळ मिळते ती ड्वार्फसारख्या डीबग माहितीतून.

अशा निसरड्या गोष्टीची चाचणी लिहायची कशी? त्यासाठी प्रोग्रॅम मुद्दाम मारावा लागतो, आणि त्याच्याबरोबर चाचणीही मरून चालत नाही. गो भाषेच्या रनटाइमच्या चाचण्या वेगळा छोटा प्रोग्रॅम बांधून चालवतात आणि त्याचं शेवटचं बोलणं तपासतात. रस्ट भाषेची बॅकट्रेस (म्हणजे स्टॅक ट्रेस) चाचणी स्वतःचीच प्रत पुन्हा सुरू करते, तिला पॅनिक करायला, म्हणजे मुद्दाम कोसळायला, लावते आणि एरर आउटपुटमध्ये ठरावीक फंक्शनाचं नाव शोधते. ते नाव हरवू नये म्हणून ते फंक्शन विरघळवायला कंपायलरला मनाई केलेली असते. सोय बंद असताना ट्रेस उमटत नाही ना, हेही ती पाहते. मला ही तपासणी फार मोलाची वाटते.

मेमरीतले पत्ते दर वेळी बदलू शकतात, त्यामुळे संपूर्ण मजकूर अक्षरशः जुळवण्यात अर्थ नाही. नावं आणि त्यांचा क्रम तपासावा, तोही ऑप्टिमाइझ केलेल्या बांधणीवर, कारण वापरणाऱ्याच्या हाती तीच बांधणी पडते.