पोरं ऐंशीची झाली तेव्हा

माजी विद्यार्थ्यांचं स्नेहभोजन म्हणजे फक्त जेवण, फोटो आणि जुन्या खोड्या? अमेरिकेतल्या हार्वर्ड कॉलेजची १८२९ची बॅच बघा. डॉक्टर-कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स याच बॅचचे. १८५१पासून जवळपास दरवर्षी ते या जेवणासाठी नवी कविता लिहायचे. १८५९च्या कवितेचं नावच ‘द बॉइज’. पन्नाशीला टेकलेली ही मंडळी तिथे अजून पोरंच होती! मग वर्षागणिक पानं कमी होत गेली. १८८९ची कविता शेवटची ठरली. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या पार्कर हॉटेलात आले तिघंच: होम्स, स्मिथ आणि मे. ऐंशीच्या घरातले. त्या दिवशी कविता झाली नाही. पण भेटणं थांबलं नाही. पुढे ते होम्स यांच्या घरी जमायचे. आपल्या बॅचचं जेवण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणताना हे तिघं आठवा.