डबा, बोंडले आणि आईचे दूध

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. या रेल्वेने ठाणे, कल्याण व मागाहून डोंबिवली या गावांची शहरे कशी केली, याचे वर्णन स्थानिक इतिहासात विपुल आढळते. मात्र या शहरांतील तान्ह्या मुलांच्या मुखी काय पडत होते, आणि जे पडत होते ते मिळेनासे झाले तेव्हा घरोघरी कोणता प्रसंग ओढवला, याकडे इतिहासकारांचे लक्ष सहसा गेलेले नाही.

जुन्या काळी आईला दूध कमी आले, ती आजारी पडली वा दगावली, तर मूल नात्यातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या लेकुरवाळीच्या अंगावर पाजले जाई. तेही न जमल्यास गाईचे अथवा शेळीचे दूध उकळून चोचीच्या बोंडल्याने पाजीत. 'अंगावरचे दूध' आणि 'वरचे दूध' हा भेद आपल्या भाषेने फार पूर्वीच करून ठेवला आहे. अर्थात जुने ते सारे सोने नव्हते. बाळंतपणानंतर येणारा पहिला पिवळसर चीक वाईट समजून पिळून टाकण्याची चाल अनेक घरांत होती, आणि बाळाचे रोगांपासून रक्षण करणारे तेच पहिले द्रव्य होते, हे पुष्कळ उशिरा उमगले.

वरच्या दुधाला डब्याचे रूप आले ते विसाव्या शतकात. न्यूझीलंडमधील जोसेफ नेथन आणि कंपनीच्या दूधभुकटीस १९०६ साली 'ग्लॅक्सो' हे नाव मिळाले. १९२४ मध्ये या शिशुआहाराच्या वितरणासाठी एच. जे. फॉस्टर आणि कंपनी ही पेढी भारतात स्थापन झाली. पुढे औषधनिर्मितीत विख्यात झालेल्या ग्लॅक्सोचा येथील आरंभ असा बाळाच्या डब्यातून झाला. कालांतराने तिचा एक मोठा कारखाना ठाण्यातच उभा राहिला. पण तेथे औषधे तयार होत, आणि आता तर तो बंद होऊन त्याची जमीनही विकली गेली आहे.

डबा समुद्रापलीकडून येई, हीच त्याची दुर्बलता होती. दुसऱ्या महायुद्धात जहाजवाहतूक विस्कळीत झाली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. त्याच वर्षी युनिसेफने भारतात कार्यास आरंभ केला. त्या काळी देशोदेशी मदत म्हणून जाणारी दूधभुकटी बहुधा साय काढलेल्या दुधाची असे. तीत स्निग्धांश जवळजवळ नसतो आणि अ जीवनसत्त्वही त्यासोबतच निघून जाते. मोठ्या मुलांना ती उपकारक ठरे. केवळ तिच्यावर तान्हे मूल पोसणे मात्र धोक्याचे होते.

१९५७-५८ च्या सुमारास परकीय चलनाची तीव्र टंचाई भासू लागली आणि आयातीवर निर्बंध आले. या अडचणीतून देशी मार्ग निघाला तो गुजरातेत. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ म्हणत. आणंद येथे एच. एम. दलाया यांनी ती करून दाखविली. १९६० च्या सुमारास म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या सूत्रानुसार तेथे वर्षाला २,५०० टन शिशुआहार तयार करण्याची व्यवस्था झाली. म्हशीच्या दुधापासून एवढ्या मोठ्या प्रमाणावर शिशुआहार जगात प्रथमच होत होता. तरीही मागणी वाढतच राहिली. सकाळची लोकल गाठून मुंबईस नोकरीला जाणाऱ्या डोंबिवलीच्या आईला डब्यावाचून गत्यंतर दिसत नसे. डबा दुकानातून नाहीसा होई, आणि मग ओळखीने वा चढ्या दराने मिळवावा लागे.

टंचाईचे खरे संकट मात्र दुकानात नव्हे, स्वयंपाकघरात होते. पाच किलो वजनाच्या बाळाला दिवसाकाठी सुमारे पाऊण लिटर दूध लागते व त्यासाठी साधारण १०० ग्रॅम भुकटी खर्च होते. म्हणजे अर्ध्या किलोचा डबा पाच दिवसांचा. तो दहा दिवस पुरवायचा, तर मापात दुप्पट पाणी घालावे लागे. दूध पांढरेच दिसे, बाटली भरलेलीच असे. बाळाच्या पोटात मात्र निम्मेच अन्न जाई. असे बाळ पुढे पुढे रडेनासे होते, आणि ते शांत झाले असे घरच्यांस वाटते. त्यात पाणी न उकळलेले व बाटलीचे बूच नीट न धुतलेले असले, की जुलाब ठरलेले. कोणत्याही आजीने वा आईने हे निष्काळजीपणाने केले नाही. डब्यावर लिहिलेले माप आणि घरात येणारा पगार यांचा मेळ बसत नव्हता, एवढेच.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हता. १९७४ मध्ये ब्रिटनमधील 'वॉर ऑन वॉन्ट' या संस्थेने गरीब देशांतील डब्याच्या दुधाच्या विक्रीवर टीका करणारी पुस्तिका काढली आणि जगभर खळबळ उडाली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधी आचारसंहिता स्वीकारली. आपल्या देशात त्यावर १९९२ साली कायदा झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. अशा उत्पादनांची जाहिरात त्याने निषिद्ध ठरविली. कायद्याआधीच मुंबईत एक मोलाचे कार्य घडले होते. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दात्या मातांचे दूध तपासून, ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले जाऊ लागले. शेजारणीच्या अंगावर मूल पाजण्याच्या जुन्या रीतीलाच येथे शास्त्राची शिस्त लाभली, असे म्हणावयास हरकत नाही.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीला महापूर आला. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण जलमय झाले, रेल्वे व रस्ते बंद पडले. अशा वेळी ज्या घरी डबा होता तेथेही शुद्ध पाणी आणि ते उकळण्याचे साधन नव्हते. अंगावर पिणाऱ्या बाळाला यांपैकी कशाचीच गरज नसते. भीतीने दूध आटते ही समजूत मातांना उगाच हतबल करते. धास्तीने पान्हा क्षणभर अडखळतो, पण बाळाला वारंवार अंगावर घेतल्यास तो पुन्हा येतो. पाजणे सुटलेल्या आईलाही योग्य साहाय्य मिळाल्यास पुष्कळदा दूध परत येऊ शकते.

पुढे २०२२ मध्ये टंचाई थेट अमेरिकेत अवतरली. मिशिगन राज्यातील स्टर्जिस येथील ॲबट कंपनीचा कारखाना जंतुदूषणाच्या संशयावरून फेब्रुवारीत बंद झाला. जूनमध्ये सुरू होताच पुराच्या पाण्याने पुन्हा थांबला. तेथील मराठी घरांतही रिकाम्या फळ्यांची धास्ती पोहोचली. तेथल्या बालरोगतज्ज्ञांनी दिलेला सल्ला असा: भुकटीत ठरल्याहून अधिक पाणी घालू नये, घरी स्वतःच्या कल्पनेने शिशुआहार बनवू नये, नेहमीचा डबा न मिळाल्यास, बाळाला विशेष आहार सांगितला नसेल तर, त्याच प्रकारचा दुसऱ्या कंपनीचा चालतो. सहा महिन्यांच्या आतील बाळाला गाईचे वा म्हशीचे साधे दूध हा योग्य पर्याय नाही, हेही आता सर्वमान्य आहे.

फडताळात मागे पडलेले बोंडले मात्र परत आले आहे. बाटलीच्या बुचात जंतू लपतात, चोचीच्या उघड्या भांड्यात त्यांना आसरा नाही, हे ध्यानी आल्यावर भारतातील नवजात शिशुकक्षांत त्याच आकाराचे पात्र वापरात आले. दक्षिणेत त्यास 'पलाडाई' म्हणतात. आईने काढून दिलेले दूध परिचारिका त्यातून थेंबाथेंबाने बाळाच्या ओठांशी धरते, आणि पाजून झाले की पात्र पुन्हा उकळत्या पाण्यात जाते.