मोटारीचे डेंटिंग-पेंटिंग : सुरक्षित कार्यशाळेची उभारणी

अपघातात दबलेला दरवाजा पूर्ववत करून त्यावर मूळ छटेचा रंग चढवण्याच्या कामाला आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंग म्हणतात. ब्रिटनमध्ये ते बॉडीशॉपचे काम. अशी कार्यशाळा उभारणाऱ्याचे लक्ष साहजिकच लिफ्ट, चॅसिस सरळ करणारा बेंच, वेल्डिंगचे यंत्र अशा जड सामग्रीकडे जाते. या यंत्रांमुळे होणारी इजा डोळ्यांना दिसते. रंगकाम करणाऱ्याच्या फुप्फुसांना होणारी इजा मात्र दिसत नाही, आणि ती बहुधा भरूनही येत नाही. म्हणूनच भांडवलाचा पहिला वाटा श्वसनाच्या हवेसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

रंगातील आयसोसायनेट

मोटारींसाठी वापरल्या जाणाऱ्या दोन घटकांच्या रंगांत व क्लिअर लॅकरमध्ये जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट असते. भोपाळमध्ये १९८४ साली गळती झालेला वायू याच रासायनिक कुटुंबातील होता. रंगातील संयुगे त्याहून वेगळी आणि फारच कमी उडून जाणारी असतात. परंतु स्प्रे गन त्यांचे सूक्ष्म तुषार करून थेट श्वासाच्या वाटेवर सोडते. हे तुषार नेहमीच्या प्रकाशात दिसत नाहीत आणि धोकादायक पातळीला त्यांचा वासही येत नाही.

व्यवसायजन्य दम्याच्या ब्रिटनमधील प्रमुख कारणांत आयसोसायनेटची गणना होते. एकदा शरीर या रसायनाला संवेदनशील झाले, की पुढे त्याच्या अत्यल्प मात्रेनेही दम उसळतो आणि कुशल रंगाऱ्याला आपला व्यवसाय सोडावा लागतो. हवेतील आयसोसायनेटची ब्रिटिश मर्यादा आठ तासांच्या सरासरीने प्रति घनमीटर ०.०२ मिलिग्रॅम इतकी कमी ठेवलेली आहे, ती याच कारणाने.

बूथ आणि शुद्ध हवा

पहिली गरज बंदिस्त स्प्रे बूथची. आतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असला, म्हणजे तुषार दारांच्या फटींतून कार्यशाळेत पसरत नाहीत. दुसरी गरज बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कची. केवळ गाळणीचा मास्क येथे पुरेसा मानला जात नाही. गाळणी निकामी झाल्याची सूचना देणारा वासच नसतो. मास्कला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा शोषणमार्ग स्वच्छ जागी असावा, इंजिनाच्या धुराजवळ नसावा.

सर्वाधिक घडणारी चूक फवारणी थांबल्यानंतरची असते. रंग कसा बसला हे पाहण्यासाठी रंगारी मास्कची काच वर करतो. त्या क्षणी बूथमध्ये तुषार तरंगतच असतात. बूथ निवळायला लागणारा काळ कृत्रिम धूर सोडून मोजावा, तो दारावर ठळकपणे लिहावा आणि तेवढा वेळ मास्क उतरवू नये. सुस्थितीतील बूथला साधारण पाच मिनिटे पुरतात. साध्या फवारणी-खोलीला वीस मिनिटेही लागू शकतात.

पत्रा, वेल्डिंग आणि धूळ

साध्या पोलादाच्या वेल्डिंगचा धूरही कर्करोगास कारणीभूत ठरू शकतो, हे मान्य झाल्यावर ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने, म्हणजेच एचएसईने, फेब्रुवारी २०१९ मध्ये नियमांची अंमलबजावणी कडक केली. बंदिस्त जागेत वेल्डिंग कितीही थोडा वेळ चालणार असले, तरी धूर उगमापाशीच ओढून घेणारी यंत्रणा आवश्यक ठरते. पुट्टी व जुना रंग घासताना धूळ शोषणारा सँडर वापरावा. कपड्यांवरील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय मोडावी. ग्राइंडिंग आणि ठोकाठोकीचा आवाज ८५ डेसिबलची सरासरी गाठत असेल, तर कानांचे संरक्षण सक्तीचे होते.

भार, आग आणि विद्युत मोटारी

केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही जाऊ नये. भार ॲक्सल स्टँडवर टेकवल्यावरच काम सुरू व्हावे. चॅसिस ओढताना साखळी तुटण्याची शक्यता असते, म्हणून ताणाच्या रेषेत उभे राहू नये आणि साखळीला सुरक्षा-दोर बांधावा.

अतिज्वलनशील रंग व थिनर कामाच्या जागेत ५० लिटरपेक्षा अधिक ठेवू नयेत, आणि तेही आगरोधक कपाटात ठेवावेत, असे ब्रिटिश मार्गदर्शन सांगते. थिनरने भिजलेली फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावीत.

विद्युत मोटारींनी या यादीत भर घातली आहे. नारिंगी आवरणाच्या केबलींतून उच्च दाबाची वीज वाहते. पत्र्याला हात लावण्यापूर्वी प्रशिक्षित व्यक्तीने ती निर्मात्याच्या पद्धतीनुसार खंडित करावी आणि यंत्रणा निर्विद्युत झाल्याची मोजणी करावी. रंग सुकवण्यासाठी बूथ सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवला जातो. बॅटरीला किती उष्णता चालते, हे त्या मोटारीच्या माहितीपुस्तिकेतून आधीच पाहावे.

तपासणीचे वेळापत्रक

साहित्य विकत घेतल्याने सुरक्षितता येत नाही. ती तपासणीने टिकते. ब्रिटनमध्ये धूर व तुषार ओढणाऱ्या यंत्रणेची सखोल तपासणी किमान दर १४ महिन्यांनी, श्वसनसाधनांची दरमहा आणि मास्कला मिळणाऱ्या हवेची दर तीन महिन्यांनी करावी लागते. मोटार उचलणाऱ्या लिफ्टची तपासणी सामान्यतः वर्षातून एकदा होते. तिच्यावर माणसेही चढत असतील, तर दर सहा महिन्यांनी.

या साऱ्यांहून अधिक बोलकी असते रंगाऱ्याच्या लघवीची चाचणी. फवारणी संपताच घेतलेल्या नमुन्यात आयसोसायनेटचे अवशेष आढळले, तर बूथ, मास्क किंवा सवय यांपैकी काहीतरी चुकते आहे हे आजार होण्याआधीच कळते. तिच्या जोडीला फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी कामावर रुजू होण्यापूर्वी, सहा व बारा आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी व्हावी. सुट्टीत थांबणारा आणि कामावर परतताच सुरू होणारा खोकला किंवा छातीतील घरघर हा पहिला इशारा समजावा. तो वेळीच ओळखला, तर रंगाऱ्याचे आरोग्य आणि त्याची उपजीविका दोन्ही वाचू शकतात.