पोळा झाला की निघायचं

आजचा भाग जरा घरगुती आहे. विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या मारेगावच्या घरात, रात्रीच्या जेवणाला होते.

मी बाबांना सांगितलं, "मोटरसायकलनं ब्रिटन आणि आयर्लंड फिरून यायचं म्हणतोय. एकटाच. तंबू घेऊन." बाबांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला, खाल्ला, आणि मग विचारलं, "तिकडं आपलं हाय तरी काय?"

रागानं विचारलं नव्हतं. आयुष्यभर कापूस पिकवलेल्या माणसाचा तो सरळ हिशेब होता. पैसा लागणार, महिनाभर शेताकडं पाहायला एक माणूस कमी होणार, मग तिकडं आपलं काय आहे ते तरी सांग. मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. मी "पाहू" म्हणून हात धुतले. पण तेव्हापासून मी जो नकाशा काढतोय तो त्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच काढतोय. आज तो तुमच्यासमोर मांडतो.

आधी वेळेचं सांगतो, कारण खरी अडचण तिथंच आहे. तिकडं मोटरसायकलनं फिरायचे उत्तम महिने जून आणि जुलै. स्कॉटलंडात जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. आणि आपल्याकडं जून म्हणजे पेरणी. बाप तिफणीमागं आणि पोरगा स्कॉटलंडात, हे काही जमायचं नाही. म्हणून ठरवलं, की पोळा करायचा, बैलांना नैवेद्य दाखवायचा आणि मग निघायचं. कापसाच्या पहिल्या वेच्याला, सीतादहीला, घरी हजर व्हायचं. मधले जे दिवस उरतात तेवढाच आपला दौरा. सप्टेंबरात तिकडं पाऊस असतो, गारवा असतो. पण स्कॉटलंडातले ते चावरे बारीक किडे कमी झालेले असतात, आणि तंबूंच्या बऱ्याच जागा अजून उघड्या असतात.

"एकटाच कसा जातो?" असं मला रोज एक तरी माणूस विचारतो. त्यांना मी शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. सगळे व्यायामाचे शौकीन. इराण, इराक, वाळवंट, मग युरोप, ब्रिटन, अमेरिका, जपान, चीन. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी फेरी पूर्ण केली. १८ मार्च १९२८ ला ते मुंबईत परतले तेव्हा अंगावर सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास होता. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. आणि १९२४ मध्ये फ्रामरोज दावर नावाचा गडी तर मुंबईहून एकटाच सायकलवर निघाला होता. साथीदार त्याला वाटेत, व्हिएन्नाला भेटला. त्यांच्याकडं ना मोबाइल, ना नकाशा दाखवणारा उपग्रह. आपण तर इंजिनवर बसून चाललोय.

आता मार्ग. पहिला मुक्काम रेडिच. इंग्लंडच्या मधोमधचं हे गाव कधीकाळी सुयांसाठी प्रसिद्ध होतं. शिवणाच्या सुया बनवणाऱ्या तिथल्याच एका कारखान्यातून पुढं सायकली आणि मग मोटरसायकली निघाल्या. तीच रॉयल एनफिल्ड. १९५५ पासून बुलेट मद्रासला तयार होऊ लागली. पुढं रेडिचचा कारखाना बंद पडला आणि मद्रासचा चालत राहिला. आमच्या वणी रोडवर जी धडधड ऐकू येते तिचं आजोळ म्हणजे रेडिच. म्हणून लंडनला भाड्यानं घ्यायची गाडीही बुलेटच शोधतोय.

दुसरा मुक्काम मँचेस्टर. इथं मात्र थोडं थांबू.

१८५३ ला निजामानं कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला. कंपनीचा डोळा काळ्या जमिनीवर होता. पण खरी घाई सुटली ती १८६१ नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं कोंडली गेली. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतून यायचा, तो तुटला. गिरण्या बंद, मजूर उपाशी. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या मुंबई बंदराकडं आणि तिच्यामागच्या वऱ्हाड-नागपूरकडं. १८६७ ला आगगाडी नागपूरला पोचली. १८६९ ला सुएझ कालवा उघडला. १८७० ला समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली, आणि त्याच वर्षी खामगावला कापसासाठी खास फाटा सुरू झाला. दहा वर्षांच्या आत आमच्या बोंडापासून लिव्हरपूलच्या गोदीपर्यंत सलग रस्ता तयार झाला. आपला जिल्हा त्या काळी सरकारदप्तरी 'वणी जिल्हा' होता. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ ला मिळालं. तेव्हाच्या सुमारास यवतमाळ ते मूर्तिजापूर ही छोटी गाडीही आली. तीच आपली शकुंतला. कापूस वाहायलाच ती टाकलेली. १९२१ ला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. ते इंजिन कुठं बनलं होतं? मँचेस्टरला.

म्हणजे कापूस जाण्यासाठी इंजिन आलं. कापूस पिकवणारा मात्र कधी त्या वाटेनं गेला नाही.

मँचेस्टरमध्ये मला तीन गोष्टी पाहायच्या आहेत. पहिली, अब्राहम लिंकनचा पुतळा. अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचा पुतळा तिथं का? तर ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या मजुरांनी सभा घेऊन गुलामीविरुद्ध लिंकनच्या बाजूनं ठराव केला. ज्या नाकेबंदीनं स्वतःची चूल विझली, तिच्याच बाजूनं! लिंकननं १९ जानेवारी १८६३ च्या पत्रात त्यांचे आभार मानले.

दुसरी, तिथून जवळचं डार्वेन गाव. २६ सप्टेंबर १९३१ ला गांधीजी तिथं गेले होते. स्वदेशीच्या चळवळीनं जिथं गिरण्या बंद पडत होत्या, त्याच बेकार मजुरांत ते जाऊन राहिले. आमच्याकडची उपासमार याहून मोठी आहे, हे त्यांना समजावून सांगितलं. गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती जमून हसताहेत, हात उंचावताहेत, असा एक फोटो आहे. तो मी कितीदा तरी पाहिलाय. दोन्हीकडचे पिचलेले लोक एकमेकांना पहिल्यांदा समोरासमोर पाहताहेत असं मला त्यात दिसतं.

तिसरी गोष्ट, रॉयल एक्सचेंज. कापड आणि सुताचा तिथला मोठा बाजार. १९६८ ला तो बंद झाला, आता तिथं नाटकं होतात. पण भिंतीवर उंच भावफलक तसाच आहे. शेवटच्या दिवशीचे भाव अजून त्यावर आहेत. हे वाचलं आणि मला वणीच्या मार्केट यार्डात मान वर करून भाव वाचणारे बाबा आठवले.

मँचेस्टरहून वर, स्कॉटलंडच्या सीमेवर, लँगहोम. इथल्या टेकडीवर सर जॉन माल्कमच्या नावाचा शंभर फुटी मनोरा आहे. माल्कम आपल्या ओळखीचा आहे. महाबळेश्वरची माल्कमपेठ त्याच्याच नावाची. फेब्रुवारी १८१८ ला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. दुसरा बाजीराव पळत पळत चांद्याकडं निघाला, आणि एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ कर्नल अ‍ॅडम्सनं त्याला गाठून उधळून लावलं. मारेगावहून करंजीवरून पांढरकवडा तासाभराच्या आतली वाट. त्या वाटेनं मी शेकडो वेळा गेलोय. पेशवाईची शेवटची धावपळ इथं झाली, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. आठ लाखांची पेन्शन आणि बिठूर. विजेत्याचा मनोरा टेकडीवर उभा आहे. आमच्याकडच्या त्या मैदानावर मात्र आता पऱ्हाटी असते.

स्कॉटलंडातच तंबूचा एक मुद्दा सांगतो. तिकडं २००३ च्या कायद्यानं उघड्या रानात मुक्काम करायचा हक्क आहे. पण तो पायी किंवा सायकलवर फिरणाऱ्याला, मोटरगाडीला नाही. इंग्लंडात तर बहुतेक ठिकाणी जमीनमालकाला विचारल्याशिवाय तंबू ठोकता येत नाही. डार्टमूरचं माळरान तेवढं अपवाद. तो हक्कसुद्धा मे २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून टिकवावा लागला. असं का? कारण १६०४ ते १९१४ या काळात पाच हजारांवर कायदे करून तिथली गावकीची रानं, म्हणजे आपल्या भाषेत गायरानं, कुंपणात घातली गेली. रान गेलेल्या लोकांतले कितीतरी पुढं गिरण्यांत गेले. तेव्हा मी आपला शहाण्यासारखा पैसे भरून कॅम्पसाइटवर झोपणार आहे. गायरान गेलं की काय होतं, हे आपल्यालाही वेगळं शिकवायची गरज नाही.

लँगहोमहून पश्चिमेला केर्नरायन बंदर, तिथून फेरीबोटीनं बेलफास्ट. पुढं आयर्लंड प्रजासत्ताकाची सीमा. या सीमेनं तीस वर्षं रक्त पाहिलं. १९९८ च्या करारानंतर तिथं आता चौकी नाही. रस्त्यावरच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर आल्या की समजायचं, देश बदलला. कागदाचं मात्र सांभाळावं लागतं. दोन देश, दोन व्हिसे. भारतीयांसाठी २०१५ पासून एक सोय आहे. ठरावीक अल्पमुदतीच्या व्हिसावर तसा शिक्का असेल तर त्याच व्हिसावर दोन्हीकडं फिरता येतं. यवतमाळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, आणि भाड्याच्या गाडीचा विमा आयर्लंडातही चालतो ना, हे लेखी विचारून घ्यायचं. गाडी दोन्हीकडं डावीकडूनच चालते, तेवढं सुख.

डब्लिनच्या अलीकडं-पलीकडं पुष्कळ पाहण्यासारखं आहे, पण मी जाणार किल्डेअर परगण्यातल्या जॉन्सटाउन या लहान गावी. तिथल्या पडक्या चर्चच्या आवारात लॉर्ड मेयोची कबर आहे. हो, तेच मेयो. नागपूरला पेशंट न्यायचा तर आपण अजूनही "मेयोत नेला" म्हणतो. हा माणूस आयरिश होता. १८७० ला खामगावच्या कापूस फाट्याचं उद्घाटन करणारा व्हाइसरॉय हाच. ८ फेब्रुवारी १८७२ ला अंदमानात शेर अली आफ्रिदीनं त्याला भोसकलं, आणि देह इथं आणून पुरला.

हाच मेयो १८४७ ला किल्डेअरमधून पार्लमेंटवर निवडून गेला होता. ते आयरिश दुष्काळाचं ऐन वर्ष. बटाट्यावर रोग पडला, आणि गरिबाच्या ताटात दुसरं काही नव्हतंच. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ ला ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ ला ६५ लाखांवर आली. त्याच वर्षांत धान्य आणि जनावरं मात्र बंदरांतून बाहेर जात होती. आयर्लंडच्या दक्षिण टोकाला स्किबरीन गावी हजारो माणसं एकाच ठिकाणी खड्ड्यांत पुरलेली आहेत. तिथंही जाणार आहे.

आता वऱ्हाडाकडं वळून पाहा. ज्वारीच्या जागी कापूस वाढत गेला. आणि १८९९-१९०० ला पाऊस गेला तेव्हा विकायला कापूस होता, खायला दाणा नव्हता. रेल्वे होती, पण महागलेलं धान्य विकत घ्यायला पैसा कुणाकडं होता? एका पिकावर उभं केलेलं गाव कसं कोसळतं, हे आयर्लंडनं आमच्याआधी पन्नास वर्षं भोगलं होतं. मेयोच्या कबरीपाशी उभं राहून मला एवढंच म्हणायचंय, की साहेब, तुम्ही तुमच्या घरी हे पाहिलं होतं.

परतीला रॉसलेअरहून बोट, फिशगार्डला उतरायचं, वेल्समधून लंडन. रोज दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या वर नाही. सामान: तंबू, झोपायची पिशवी, छोटा स्टोव्ह, सातूचं पीठ, जवसाची चटणी. गॅसची डबी विमानात चालत नाही, ती तिकडं घ्यायची.

परवा रात्री हे सगळं मी बाबांना असंच सांगितलं. इंजिनाचं, मनोऱ्याचं, कबरीचं, त्या भावफलकाचं. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, "पोया करून जाजो. अन् त्या भावाच्या पाटीचा फोटो काढून आनजो. पाहू तं, कोन्ता भाव लावून गेले."

तर मंडळी, बुकिंग करतोय. तुमच्यापैकी कुणी तिकडं तंबूत राहिलं असेल, तर पावसात चूल कशी पेटवायची तेवढं कळवा. बाकी आल्यावर बोलूच.