बाबांचा व्हॉल्व्ह आणि माझा हिशेब

आज लढाईची गोष्ट नाही, पण हिशेब मात्र फौजी आहे.

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. तिथल्या माळ्यावर बाबांनी स्वतः जुळवलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. डिसेंबर १९७१मध्ये बाबा त्याला रेडिओ जोडून युद्धाच्या बातम्या लावायचे आणि अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर बसून ऐकायची. फौजेत जायचं मी त्या ओट्यावरच ठरवलं.

निवृत्तीनंतर ती पेटी उघडली. आत ईएल-८४ जातीचा एक व्हॉल्व्ह, शिवाय डबीत एक जादा. काचेवर पुसट अक्षरं : बीईएल.

या तीन अक्षरांत मोठा इतिहास आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या सैन्याची वायरलेस यंत्रणा परदेशी मालावर चालत होती. रसद तुटली की फौज बहिरी. म्हणून १९५४मध्ये संरक्षण मंत्रालयाने बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स उभी केली. १९५६मध्ये उत्पादन सुरू झालं, १९६१मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. गंमत बघा, १९६२मध्ये तिथेच जर्मेनियमचे अर्धवाहक, म्हणजे व्हॉल्व्हचे वारसदारही तयार होऊ लागले! २ ऑक्टोबर १९६३ला रायपूरला आकाशवाणी केंद्र आलं. सैन्यासाठी निघालेल्या कारखान्याचा माल असा आमच्या माळ्यापर्यंत पोचला.

आता माझी चूक सांगतो. बाबांची आठवण म्हणून मी एकही सुटा भाग न बदलता पेटी चालू केली. दोन मिनिटांत व्हॉल्व्हची प्लेट लालभडक झाली. बटण बंद करेपर्यंत व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही गेले. दोष जुन्या कागदी कंडेन्सरचा. पहिल्या व्हॉल्व्हचा आवाज पुढे सोडायचा आणि डीसी दाब अडवायचा, हे त्याचं काम. तो गळू लागला, ग्रिडवर भलता दाब चढला आणि करंट आवरेना. पहारेकरी झोपला की किल्ला जातो, तसंच झालं.

म्हणून आता नवा ॲम्प्लिफायर बांधतोय, आणि आधी कागदावर. लोक आधी व्हॉल्व्ह विकत घेतात. मी शेवटी घेणार. आधी रसद मोजायची. ईएल-८४ला २५० व्होल्टवर प्लेटचे ४८ आणि स्क्रीनचे साडेपाच मिलिअँपिअर लागतात. पुढच्या ईसीसी-८३चे दोन-तीन धरले तर ५६. रेक्टिफायर ईझेड-८० नव्वदपर्यंत देतो, म्हणजे हात राखून. ६.३ व्होल्टच्या हीटरला तिघांचे मिळून ०.७६, ०.३ आणि ०.६, म्हणजे १.६६ अँपिअर. मी तीन अँपिअरची वाइंडिंग सांगितली आहे.

खरा पैसा आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर घालायचा. व्हॉल्व्हला ५२०० ओहमचा भार हवा, स्पीकर ८ ओहमचा; वेढ्यांचं प्रमाण साधारण २५ला १ येतं. एकच व्हॉल्व्ह असल्याने त्यातून सतत डीसी वाहतो, म्हणून गाभ्यात फट ठेवायला वाइंडिंगवाल्याला बजावून सांगा. कंडेन्सर सगळे नवे, ४०० व्होल्टच्या वरचे. मुख्य कंडेन्सरवर साठलेली वीज काढून टाकणारा रेझिस्टर हवाच. तरीही हात घालण्याआधी मीटरने मोजा. प्लग काढला तरी आतले तीनशे व्होल्ट जीव घेऊ शकतात.

हाती येणार पाचेक वॅट. गल्लीला तेवढे पुरले होते.

नवे ईएल-८४ रशिया, स्लोव्हाकिया, चीन इथून येतात. आधी तसाच एक लावून चाचणी घेणार. आठवडाभर आकडे जागेवर राहिले, तरच डबीतला बाबांचा व्हॉल्व्ह बसवीन. आठवण जपायची म्हणजे जुनं सगळं तसंच ठेवायचं असं नाही, हे मला एक व्हॉल्व्ह जाळून कळलं. दुसरा जाळायची मुभा मला नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!