फुटलेल्या मॅटरची कुळकथा

गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांचा खरा हंगाम श्रावणात लागतो. मंडळांचे अहवाल, वर्गणीची पावतीपुस्तकं, सत्यनारायणाच्या पूजेची निमंत्रणं. बहुतेक कामं गेल्या वर्षीचीच. साल बदलायचं, कार्याध्यक्ष बदलायचे, दोन सभासदांची नावं यादीतून काढून श्रद्धांजलीच्या पानावर न्यायची. म्हणून जुनी फाइल हेच दुकानाचं भांडवल. पण संगणक बंद पडण्याचाही हंगाम हाच. हिंदमाताला पाणी तुंबतं, परळ-लालबागच्या तळमजल्यांना ओल येते आणि एका सकाळी मशीन चालू व्हायचं नाकारतं. शहाण्या दुकानदाराकडे बॅकअप असतो. नवा संगणक येतो, बॅकअप त्यावर उतरतो, सगळ्या फायली नावातारखेसकट जागच्या जागी दिसतात. त्यातली एक उघडली, की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण आणि डोक्यावर टोपी घातलेला फ्रेंच ‘ए’. ऑपरेटर म्हणतो, ‘मॅटर फुटलं.’

पहिला संशय जातो मशीन बसवून गेलेल्या पोऱ्यावर. तो बहुधा लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाचा. त्याच्याकडून चुका होतात, पण त्या वेगळ्या जातीच्या असतात. अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर उतरवणारा ‘घोस्ट’ हा प्रोग्राम १९९५च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला मरी हॅझर्ड याने तयार केला. १९९८मध्ये सिमँटेक कंपनीने तो विकत घेतला आणि ‘नॉर्टन घोस्ट’ या नावाने तो मुंबईच्या गल्लीगल्लीत पोचला, बऱ्याचदा मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवरून. ‘घोस्ट मारून देतो’ हे वाक्य तेव्हा रोज ऐकू येई. मात्र त्या प्रतीत जुन्या मशीनचे ड्रायव्हरही येत. नव्या मदरबोर्डवर डिस्क ‘एएचसीआय’ पद्धतीने जोडलेली असे, विंडोज एक्सपीजवळ त्या पद्धतीचा ड्रायव्हर मुळातच नसे. मग निळा पडदा आणि त्यावर ‘७बी’ने संपणारा आकडा. अनुभवी पोऱ्या बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत जुन्या ‘आयडीई’वर आणी, मशीन उठवी, चिपसेटचा ड्रायव्हर घाली. सगळं लोखंड बदललेलं पाहून विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागे, तेही तो उरकत असे. मशीन चालू झालं की त्याचा हिशोब मिटला.

फुटलेल्या मॅटरचं खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नाही. ते दुखणं त्याच्या जन्माआधीचं असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ते समजायला काळबादेवीच्या जुन्या छापखान्यांपर्यंत मागे जावं लागतं.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६४मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना. जावजींचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी पुढे कित्येक पिढ्यांना वाचायला शिकवलं. त्या काळातलं अक्षर म्हणजे शिशाचा खिळा. ‘क’चा खिळा काळबादेवीहून उचलून पुण्याला न्या, कोल्हापूरला न्या, शाई लावून दाबला की ‘क’च उमटणार. अक्षर आणि त्याचा आकार ही एकच वस्तू होती. खिळा झिजे, हरवे, चुकून भलत्या खान्यात पडे. पण एका छापखान्यातला ‘क’ दुसरीकडे जाऊन ‘ढ’ झाला, असं कधी घडलं नाही.

देवनागरीची अडचण तेव्हाही होतीच, ती संख्येची. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरली की जुळाऱ्यासमोर शेकडो खाने लागत. काही टाइपांत अक्षर आणि त्यावरची खूण एकत्र ओतलेली असे, तो अखंड. डिग्री टाइपात वरच्या-खालच्या खुणा सुट्या असत आणि जुळारी त्या अक्षराच्या वर-खाली बसवी. म्हणजे अक्षराचे तुकडे करून काम भागवायची युक्ती जुनीच आहे.

टाइपरायटरने ती टोकाला नेली. त्यावर नव्वदच्या आसपासच आकार मावतात, त्यात मराठी बसवायची तर अक्षरं कापावीच लागणार. अर्धा ‘ग’ मारा, मग काना मारा, पूर्ण ‘ग’ तयार. ऱ्हस्व वेलांटी बोलताना नंतर येते, पण कागदावर आधी दिसते, म्हणून आधी मारायची. दादरच्या टायपिंग क्लासमधून मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिलेल्या मुलामुलींच्या बोटांत हा क्रम मुरला. पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५मध्ये गोदरेजने काढला. ही कंपनी १८९७ साली लालबागला सुरू झाली ती कुलुपं बनवण्यासाठी, हे लक्षात ठेवावं, कारण कुलुपाचा विषय पुढे येणार आहे.

संगणकावर मराठी आणायचे दोन मार्ग ऐंशीच्या दशकात समोर होते. पहिला सरकारी. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये गेलं. सी-डॅक स्थापन झालं १९८८ला. तिथलं ‘जिस्ट कार्ड’ संगणकात खोचलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसे. त्यामागचा विचार नेमका होता: फाइलमध्ये आकार साठवायचा नाही, वर्ण साठवायचा. ‘क’ला १७९ हा क्रमांक, तो अर्धा दिसो, पूर्ण दिसो, ‘क्ष’मध्ये विरघळो, क्रमांक तोच. दिसण्याचं काम नंतर यंत्राने करावं. भारतीय मानक ब्यूरोने १९९१मध्ये हे ‘इस्की’ मानक म्हणून जाहीर केलं.

पण छापखान्यांना पानं रचायला हवं होतं पेजमेकर आणि कोरल ड्रॉ. हे प्रोग्राम इंग्रजीसाठी लिहिलेले. त्यांना एक क्रमांक, एक आकार एवढंच कळे. अक्षरं जोडणं, वेलांटी अलीकडे सरकवणं त्यांच्या गावी नव्हतं. तेव्हा दुसरा मार्ग निघाला. त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ घरं असत. इंग्रजी ‘ए’ राहतो त्या ६५ नंबरच्या घरात देवनागरीचा एखादा तुकडा नेऊन बसवायचा. प्रोग्रामला वाटतं आपण इंग्रजीच छापतोय आणि कागदावर मराठी उमटतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, बंगळुरूच्या सायबरस्केपची ‘आकृती’, खुद्द सी-डॅकचं ‘आयएसएम’, सगळ्यांनी डीटीपीसाठी हीच वाट धरली. टाइपरायटरवर तयार झालेल्या ऑपरेटरला त्यांनी त्याचा ओळखीचा कळफलकही दिला. नव्वदच्या दशकात मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका ज्या वेगाने संगणकावर आल्या, त्याचं श्रेय या युक्तीला आहे. तिला लबाडी म्हणणं अन्यायाचं होईल.

चूक झाली ती पुढे. कुठला तुकडा कुठल्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. ६५ नंबरची खोली गिरगावातल्या प्रत्येक मोठ्या चाळीत असते, पण एका चाळीत तिथे जोशी राहतात, दुसरीत नाईक. फाइलमध्ये लिहिलेला असतो फक्त खोली नंबर. चाळ कुठली, हे फॉन्ट सांगतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर पेजमेकर उपलब्ध असलेला दुसरा बसवतो आणि त्या खोलीचा मूळचा भाडेकरू, म्हणजे इंग्रजी ‘ए’, दार उघडतो. बॅकअपमध्ये क्रमांक जसेच्या तसे परत आलेले असतात. एकही बाइट हरवलेला नसतो. डीटीपीवाला जिला फाइल म्हणत होता, तिच्यातलं मराठी त्या फाइलमध्ये कधी नव्हतंच.

मग फॉन्टही बॅकअपमध्ये घ्यावा. घेतला, तर वाचण्यापुरतं भागतं. टाइप करायला मात्र कंपनीचा प्रोग्राम लागतो आणि त्याला असतं कुलूप: संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या पोर्टला लावायचा डबीएवढा डोंगल. तो दिसला तरच प्रोग्राम चालणार. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी पुढे ते पोर्टच काढून टाकलं. यूएसबीला जोडायची तार मिळते, पण ती प्रिंटरपुरती. डोंगल बहुधा तिला ओळख देत नाही. त्यात ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचे जुने इन्स्टॉलर चालवतच नाही. म्हणून दादरच्या एखाद्या दुकानात कोपऱ्यात जाडजूड मॉनिटरचा एक्सपी संगणक अजून धूळ खात, पण चालू स्थितीत ठेवलेला दिसतो. पाठीमागचा डोंगल कुणी हलवू नये म्हणून त्याला चिकटपट्टी.

दरम्यान ऑक्टोबर १९९१मध्ये यूनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरीची मांडणी तिने इस्कीवरूनच उचलली. सगळ्या जगासाठी ‘क’चा क्रमांक एकच ठरला, २३२५. पण तो नुसता असून उपयोग नव्हता, विंडोजने तो दाखवायला हवा होता. ते घडलं विंडोज २०००मध्ये, आणि त्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट मुंबईचे अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. पेजमेकरला मात्र देवनागरी यूनिकोड शेवटपर्यंत उमगलं नाही. त्याची सातवी आवृत्ती २००१मध्ये आली, ती अखेरची. म्हणजे पत्रव्यवहार आणि दफ्तरं यूनिकोडकडे सरकू लागली तरी छापखाने बरीच वर्षं खोली नंबरांवरच राहिले, आणि त्या वर्षांत मराठीतलं केवढं तरी लेखन टाइप झालं.

आता ते बाहेर काढायचं तर कन्व्हर्टर लागतो. काम नुसतं क्रमांक बदलण्याचं असतं तर सोपं होतं. जुन्या फायलीत ‘किल्ला’ची वेलांटी ‘क’च्या आधी आहे, यूनिकोडला ती नंतर हवी. ‘सूर्य’चा रफार शेवटी मारलेला आहे, यूनिकोडमध्ये तो ‘य’च्या अलीकडचा ‘र्’ आहे. अर्धा ‘ग’ आणि काना मिळून एक अक्षर करायचं, पण ‘गा’ असेल तर पुढचा दुसरा काना राखायचा. आणि ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’मधला आडवा ‘ऱ’ तर मराठीचा खास दागिना. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या कन्व्हर्टरला त्याची खबर असेलच असं नाही. ‘अॅ’ची गोष्ट आणखी गमतीची. यूनिकोडने ‘ॲ’ला स्वतंत्र जागा दिली ती २००८मध्ये. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून भागवलेले ‘अॅड.’ आणि आजचे ‘ॲड.’ डोळ्याला सारखेच वाटतात, शोधताना मात्र एक टाइप केलं की दुसरं सापडत नाही. वकिलांची यादी छापणाऱ्याने हे अनुभवावं.

दिसण्याचाही प्रश्न उरतोच. राज्य सरकारने २००९च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ पक्के केले, पण नव्या मशीनवर आपोआप समोर येणारा फॉन्ट बऱ्याचदा हिंदी वळणाचा असतो. शिवाय अक्षराची रुंदी बदलली की ओळी सरकतात. पेजमेकरमध्ये पान एखाद्या ठरावीक प्रिंटरच्या मापाने रचलेलं असे. तो प्रिंटर नव्या मशीनवर नसला की फॉन्ट शाबूत असतानाही मजकूर पुन्हा रचला जाई आणि शंभराव्या पानावरची ओळ एकशेएकाव्या पानावर जाऊन बसे. ज्यांनी खटाववाडीतल्या मौजेसारख्या छापखान्यांची प्रुफं पाहिली आहेत, त्यांच्या कपाळावर आठी पडायला एवढं पुरे.

तेव्हा जाणते डीटीपीवाले आता फाइलशी झुंजतच नाहीत. चालू असलेल्या जुन्या मशीनवर एकदा पीडीएफ काढतात. त्यातून मजकूर उचलला तर पुन्हा तीच इंग्रजी खिचडी हाती येते, म्हणून पानांची चित्रं करून ती चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरला देतात. गूगलच्या डॉक्सला मराठी छापील पान बऱ्यापैकी वाचता येतं, फुकट मिळणाऱ्या टेसरॅक्टलाही. छपाई स्वच्छ असेल तर शंभर वर्षांपूर्वीचं निर्णयसागरचं पानही त्याच वाटेने यूनिकोडमध्ये येतं. १९९८च्या पेजमेकर फाइलला मात्र आधी छापून घ्यावं लागतं. आणि काम आठ-दहा पानांचंच असेल तर हेही कुणी करत बसत नाही. गिऱ्हाइकाला छापील प्रत घेऊन यायला सांगतात, मजकूर नव्याने टाइप करतात आणि पानामागे दर लावतात.