घरी आणणारा कागद, पण पुढे काय?

मागच्या आठवड्यात साक्रीच्या बसस्टँडवर तालुक्यातला एक पोरगा भेटला. आखातातून परतलेला. जवळ पासपोर्ट नाही, दूतावासानं दिलेल्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर आला. हा कागद फक्त भारतात येण्यापुरता. तोही विमानतळावर इमिग्रेशनवाल्यांनी जमा करून घेतला. आता नवा पासपोर्ट काढायचा तर फॉर्ममध्ये कारण लागतं: मुदत संपली, पानं संपली, खराब झाला, हरवला. पोरगा म्हणाला, "भाऊ, मना पासपोर्ट हरायना नही, शेठनी ठेई लिधा."

मालकानं ठेवून घेतला, असा रकाना फॉर्मात नाहीच.

मंडळी, घरी यायला कागद लागतो ही पद्धत तशी जुनी नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी १९२० चा पासपोर्ट कायदा केला. भारतात पाय ठेवायचा तर पासपोर्ट दाखवा! त्याचा उपयोग क्रांतिकारकांना बाहेर ठेवायलाही झाला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले. मेक्सिकोत मक्याच्या संशोधनानं नाव कमावलं, पण नाव इंग्रजांच्या काळ्या यादीत. देश स्वतंत्र झाला तरी यादी तशीच राहिली. स्वतःच्या देशात यायला त्यांना आधी व्हिसा नाकारला गेला, मग कुठे मिळाला.

खानखोजे जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात वारले. त्याच वर्षी १० एप्रिलला सतवंतसिंग साहनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं ३ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, की परदेशी जाणं हा नागरिकाचा हक्क आहे, पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी नाही. मग जूनमध्ये आजचा पासपोर्ट कायदा आला. इमर्जन्सी सर्टिफिकेट त्यातच आहे. आणि कलम १७ वाचा: पासपोर्ट कायम केंद्र सरकारची मालमत्ता असतो. म्हणजे कफील कपाटात ठेवतो ते त्या पोराचं पुस्तक नाही, भारत सरकारचं आहे.

१९९० साली इराक कुवेतमध्ये घुसला तेव्हा हे सगळ्या देशानं पाहिलं. अनेकांचे पासपोर्ट मालकांकडे अडकलेले. एअर इंडियानं १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर ४८८ फेऱ्या करून एक लाख अकरा हजारांवर माणसं अम्मानहून मुंबईत आणली. आणण्याचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. आल्यावर त्यांच्या कागदांचं काय झालं, ते कोणी सांगत नाही.

आता कामाचं. असा प्रसंग आला तर सर्टिफिकेट जमा होण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. जुन्या पासपोर्टचा नंबर, दूतावासाला दिलेली तक्रार जपा. 'हरवला' म्हणून अर्ज केला की पोलिसांतली नोंद, प्रतिज्ञापत्र, पोलिस पडताळणी आणि नव्याला १५०० रुपये लागतात तिथे ३००० रुपये.

पैशाचं एकवेळ जाऊ द्या. पण प्रतिज्ञापत्रावर 'हरवला' लिहून सही केली, की मालकाचा गुन्हा कागदावरून पुसला जातो आणि निष्काळजी ठरतो आपला पोरगा. मी त्याला सांगितलं, खरं काय घडलं ते वेगळ्या अर्जात लिही, सोबत जोड, पोच घे.

सरकारची मालमत्ता दुसऱ्यानं दाबून ठेवली, हे लिहायला सरकारच्याच फॉर्मात एक ओळ नसावी? आपल्या खासदारांनी एवढं एक विचारावं.